सोंग आणि शील : 'अल्टिमा ४' या अद्भुतरम्य संगणकीय खेळाचा समीक्षात्मक अभ्यास

गोषवारा

१९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार' हा संगणकीय खेळ भूमिका घेऊन खेळावयाच्या अद्भुतरम्य खेळांमधील एक अभिजात कृती मानला जातो. या खेळात पराभूत करावयाचा खलनायक नाही. खेळणाऱ्याने आठ सद्गुण आचरणातून सिद्ध करणे, एवढेच त्याचे प्रयोजन आहे. प्रस्तुत लेखात या खेळाचे वाचन मराठी परंपरेतील मोक्षपट, भारूड व 'अवतार' ही संकल्पना यांच्या प्रकाशात केले आहे. वाचकाला रसास्वादाबरोबर उत्तरदायित्वाचा अनुभव देणारी कृती म्हणून हा खेळ आजही खेळण्यासारखा व शिकविण्यासारखा आहे, असे प्रतिपादन येथे केले असून त्याच्या मर्यादांचीही चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : अद्भुतरम्यता, भूमिका, सोंग, मोक्षपट, भारूड, अवतार, मूल्यशिक्षण.

१. प्रस्तावना

'खेळ' हा शब्द आपल्या महाविद्यालयीन व्यवहारात प्रामुख्याने दोन संदर्भांत येतो. एक मैदानावरचा खेळ आणि दुसरा मोबाइलवरचा. पहिल्याचा आपण गौरव करतो. दुसऱ्याविषयी विभागप्रमुखांपासून पालकांपर्यंत सर्वांची तक्रार असते. ही तक्रार निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला संमत करावा लागला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. तथापि याच कायद्याने पैशांचे खेळ आणि इतर संगणकीय खेळ यांत भेद केलेला आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. बाजारातील सवंग पुस्तकांवरून कादंबरी या वाङ्मयप्रकाराचे मूल्यमापन करणे जसे योग्य ठरत नाही, तसेच जुगारावरून खेळ या माध्यमाचे मूल्यमापन करणेही योग्य नव्हे.

या संकोचाला आणखी एक जुने कारण आहे. मराठी समीक्षेने अद्भुताकडे नेहमीच संशयाने पाहिले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचक घडविला, हे आपण वाङ्मयेतिहासात शिकवितो. पण लगेच पुढे जाऊन वास्तववादी कादंबरीच्या आगमनाचे स्वागत करतो. अद्भुत म्हणजे पलायन आणि वास्तव म्हणजे जबाबदारी, असे समीकरण आपल्या अध्यापनात नकळत रूढ झाले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला खेळ हे समीकरण तपासून पाहावयास लावतो. जबाबदारीचा प्रश्न अद्भुताच्या प्रदेशातच अधिक तीव्रतेने विचारता येतो, असे या खेळाच्या अभ्यासातून दिसून येते.

२. खेळाचा परिचय

भूमिका घेऊन खेळावयाचा आधुनिक खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळाने रूढ केला. खेळणाऱ्याने एक पात्र स्वीकारावयाचे, त्याचे बळ, बुद्धी इत्यादी गुण आकड्यांत मांडावयाचे आणि फाशांच्या साहाय्याने कथा पुढे न्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. हा प्रकार संगणकावर आणणाऱ्या आरंभीच्या मंडळींत रिचर्ड गॅरियट हे एक महत्त्वाचे नाव होय. त्यांच्या 'अल्टिमा' मालिकेचा पहिला खेळ १९८१ साली, दुसरा १९८२ साली व तिसरा १९८३ साली आला. या तिन्ही खेळांची रचना परिचित आहे. जगावर संकट आणणारी एक दुष्ट शक्ती असते आणि नायक तिचा नाश करतो.

हे खेळ लोक कसे खेळतात, याकडे गॅरियट यांचे लक्ष गेले. नायक म्हणविणारा खेळाडू गावात चोरी करीत होता, निरपराध गावकऱ्यांना मारीत होता आणि तरीही शेवटी जगाचा उद्धारकर्ता ठरत होता. खेळाच्या नियमांत त्याला अडविणारे काहीच नव्हते. या विसंगतीतून चौथ्या खेळाची कल्पना निर्माण झाली. १९८५ साली त्यांच्याच ओरिजिन सिस्टिम्स या संस्थेने तो ॲपल-२ या संगणकासाठी प्रसिद्ध केला.

'अल्टिमा ४'च्या ब्रिटानिया या कल्पित देशात शांतता आहे. तेथील राजाला पराक्रमी योद्धा नको आहे. प्रजेला आदर्श वाटावा असा एक सद्गुणी मनुष्य त्याला हवा आहे. सत्य, प्रेम आणि धैर्य ही या खेळाची तीन मूलतत्त्वे होत. त्यांच्या संयोगातून आठ सद्गुण निष्पन्न होतात. केवळ सत्यातून प्रामाणिकपणा, केवळ प्रेमातून करुणा, केवळ धैर्यातून शौर्य; सत्य व प्रेम यांतून न्याय, प्रेम व धैर्य यांतून त्याग, सत्य व धैर्य यांतून सन्मान; तिन्हींच्या मीलनातून अध्यात्म; आणि तिन्हींच्या अभावातून नम्रता. तीन घटकांच्या उपसंचांची संख्या आठ होते, हे गणिताच्या अध्यापकांस सांगावयास नको. परंतु रिक्त संचाच्या जागी नम्रता ठेवण्यात जी सूक्ष्मता आहे, ती वाङ्मयाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. नम्रता कशापासूनही बनत नाही. मी सत्यवादी आहे, मी प्रेमळ आहे, मी शूर आहे, हे तिन्ही दावे गळून पडल्यावर जे उरते ती नम्रता. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांची गणना 'अमानित्व' या गुणाने सुरू होते आणि ज्ञानेश्वरीत या लक्षणांचा विस्ताराने विचार झालेला आहे. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही मांडणी परकी वाटत नाही.

खेळाचा आरंभही याच दृष्टीने योजलेला आहे. एक भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर उभे असतात. न मोजलेल्या पैशांची थैली विश्वासाने कोणी पोहोचवावयास दिली आहे आणि वाटेत भिकारी भेटतो; त्यातील एक नाणे त्याला द्यावे की थैली आहे तशी पोहोचवावी? येथे चूक व बरोबर यांतील निवड नाही; एक बरोबर आणि दुसरे बरोबर यांतील निवड आहे. उत्तरांवरून खेळाडूची भूमिका ठरते. सर्वांत वर करुणा ठेवणारा गायक-कवी होतो, शौर्य ठेवणारा योद्धा होतो आणि नम्रता ठेवणारा मेंढपाळ होतो. या मेंढपाळाचा प्रवास गर्वामुळे उद्ध्वस्त झालेल्या मॅजिन्सिया या नगरापासून सुरू होतो आणि आठही भूमिकांत त्याचे बळ सर्वांत कमी असते. नम्रतेची निवड करणाऱ्याला खेळ कोणतेही बक्षीस देत नाही. उलट सर्वांत कठीण वाट देतो.

३. मोक्षपट, भारूड आणि संगणकीय खेळ

खेळातून नीतिविचार सांगण्याची पद्धत आपल्याकडे नवीन नाही. मराठी परंपरा ज्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते, तो मोक्षपट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कवड्या टाकावयाच्या, सोंगटी पुढे न्यावयाची. सद्गुणाच्या घरी शिडी मिळते, दुर्गुणाच्या घरी साप गिळतो आणि पटाच्या माथ्यावर मोक्ष असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडमध्ये 'स्नेक्स अँड लॅडर्स' या नावाने मुलांच्या हाती गेला. पुढे त्यातील गुणदुर्गुणांची नावे पुसली गेली आणि केवळ साप व शिड्या उरल्या.

मोक्षपटात एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे निवड. सोंगटी अहंकाराच्या घरी गेली ती कवड्यांच्या दानामुळे. खेळणाऱ्याने अहंकार केला म्हणून नव्हे. मोक्षपट कर्मफलाचा नकाशा दाखवितो, परंतु कर्म करावयास सांगत नाही. म्हणून त्यातून मिळते ते ज्ञान. त्याला अनुभव म्हणता येणार नाही.

दुसरी परंपरा भारुडाची. संत एकनाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, आंधळा, मुका अशी नाना सोंगे घेऊन अध्यात्म लोकांच्या दारी नेले. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील गावांत आजही सोंगी भारुडे होतात व आपल्या बीड जिल्ह्यातील श्रोता त्यांत रमून जातो. दुसऱ्याची भूमिका घेतल्याने स्वतःचे सत्य कळते, हे भारुडाचे मर्म आहे आणि भूमिकाप्रधान खेळाचेही तेच मर्म आहे. फरक एवढाच की भारुडात सोंग घेणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. पाहणाऱ्याने हसावे, रडावे, अंतर्मुख व्हावे. पण सोंगाने केलेल्या कृतीचा जाब कोणी त्याला विचारीत नाही.

'अल्टिमा ४'मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. मोक्षपटाप्रमाणे येथे सद्गुणांचा पट आहे आणि भारुडाप्रमाणे सोंग आहे. पण पटावरची चाल कवड्या ठरवीत नाहीत आणि सोंग दुसरा कोणी घेत नाही. दोन्ही गोष्टी वाचकालाच कराव्या लागतात. या खेळाच्या मूळ खोक्यात ब्रिटानियाचा नकाशा कापडावर छापून दिलेला होता. आंबेजोगाईस दासोपंतांची सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद पासोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कापडावर विश्वाचा आराखडा मांडण्याची ही रीत ओळखीची वाटेल. दासोपंतांनी त्या वस्त्रावर पंचीकरण उलगडले. दोहोंची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. पाहणाऱ्याने वाट स्वतः चालावी, यासाठी विचार डोळ्यांसमोर पसरून ठेवणे ही गोष्ट मात्र दोन्हीकडे समान आहे.

४. आंधळ्या बाईचे दुकान

या खेळाचे सामर्थ्य एका लहानशा प्रसंगातून स्पष्ट करता येईल. ब्रिटानियात मंत्रप्रयोगासाठी लसूण, गंधकाची राख, कोळ्याचे जाळे, काळा मोती अशा वस्तू लागतात. त्या विकणाऱ्या बाया आंधळ्या आहेत. बाई भाव सांगते, आपण किती हवे ते सांगतो आणि नाणी मोजून तिच्या हाती ठेवतो. किती नाणी ठेवली हे तिला दिसत नाही. कमी ठेवली तरी ती माल देते. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही, शिपाई धावून येत नाही, खेळ पूर्ववत पुढे चालू राहतो.

प्रस्तुत लेखकाने हा खेळ प्रथम खेळला तेव्हा एम.फिल.चा प्रबंध पूर्ण होऊन काही वर्षे झाली होती आणि वर्गात नीतिविचारावर व्याख्याने देण्याची सवयही झाली होती. तरीही या दुकानात नाणी कमी ठेवली गेली. 'हा तर खेळ आहे' हे त्याचे समर्थन त्या वेळी मनात तयार होते. एकदा जमले, म्हणून पुढेही तसेच केले. बऱ्याच वेळाने राजवाड्यातील हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याकडे आपल्या प्रगतीची विचारणा केली असता, प्रामाणिकपणाच्या बाबतीत त्याने चोर ठरविले. कोणत्या व्यवहाराबद्दल हे त्याने सांगितले नाही. सांगण्याची आवश्यकताही नव्हती. एका फसवणुकीने जे जाते ते परत मिळविण्यासाठी अनेक प्रामाणिक व्यवहार करावे लागतात, हे पुढच्या कित्येक तासांच्या खेळात कळले. एखादी कादंबरी वाचताना तिच्यातील चोराचा राग येतो, कणव येते किंवा त्याच्यात आपले प्रतिबिंब दिसते. येथे प्रतिबिंबाचा प्रश्न नव्हता. चोरी लेखकानेच केलेली होती.

हा अनुभव काव्यशास्त्राच्या दृष्टीने विचार करावयास लावणारा आहे. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार रसिक हा 'माझे' आणि 'दुसऱ्याचे' या बंधनांतून मोकळा होतो आणि म्हणूनच शोकही आस्वाद्य ठरतो. या खेळातील उपरोक्त क्षणी नेमके उलटे घडते. 'माझे' हे बंधन सुटण्याऐवजी अधिक घट्ट होते. मनात उत्पन्न होणारी भावना शोक वा भय नसून पश्चात्ताप आहे; आणि पश्चात्ताप दुसऱ्याच्या कृतीबद्दल होत नाही, तो स्वतःच्याच कृतीबद्दल होऊ शकतो. कादंबरी, नाटक, चित्रपट यांना जी भावना साक्षात देता येत नाही, ती हे माध्यम देऊ शकते. खेळाला कलेचा दर्जा द्यावा की नाही, या वादापेक्षा हा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो.

इतर प्रसंगांची योजनाही अशीच आहे. भिकाऱ्याला दान दिल्यास करुणा वाढते. दुष्ट नसलेला प्राणी पळू लागला तर त्याला जाऊ देणे करुणेचे व न्यायाचे लक्षण ठरते. वैद्याने रक्तदानाची विनंती केली तर स्वतःच्या आरोग्याचा मोठा अंश देऊन त्याग सिद्ध करावा लागतो. गावकऱ्याने 'तू सर्वांत थोर आहेस काय?' अशा आशयाचा प्रश्न विचारला आणि आपण होकार दिला, तर नम्रता उणावते. या सर्वांची नोंद यंत्र ठेवते, पण आकडे खेळणाऱ्याला दाखवीत नाही. बळ, आरोग्य, धन यांचे आकडे पडद्यावर दिसतात. शीलाचा आकडा मात्र झाकलेला राहतो. गुणपत्रिकेच्या जगात वावरणाऱ्या आपणा अध्यापकांना या योजनेतील मर्म सहज कळावे.

५. 'अवतार' या संज्ञेचा प्रश्न

आठही सद्गुण सिद्ध करणाऱ्याला या खेळात 'अवतार' म्हणतात. हिंदू धर्मातील अवतारकल्पनेविषयीच्या माहितीतून आपल्याला ही संज्ञा सुचली, असे गॅरियट यांनी सांगितले आहे. पुढे संगणकाच्या पडद्यावरील आपल्या प्रतिमेला 'अवतार' म्हणण्याचा प्रघात जगभर पडला. त्या प्रवासातील हा एक आरंभीचा टप्पा होय.

संज्ञेच्या दृष्टीने पाहता हा वापर सदोष आहे. 'अवतार' या शब्दात खाली उतरण्याचा अर्थ आहे. दैवी शक्ती मानवी पातळीवर येते, तो अवतार. खेळात मात्र सामान्य मनुष्य साधनेने वर चढतो. त्याला आपल्या परिभाषेत साधक म्हणता येईल, सिद्ध म्हणता येईल. अवतार म्हणता येणार नाही. सद्गुणांच्या मंदिरांत जपावयाचे मंत्रही एकेक अक्षरसमूह म्हणून येतात. अध्यात्माच्या मंदिरात 'ओम' हा मंत्र तीनदा टंकित करावा लागतो. तो तेथे दार उघडण्याच्या परवलीच्या शब्दासारखा वापरला आहे. त्याच्या जोडीला इजिप्तमधील आंख हे चिन्ह, युरोपीय भविष्यकथनाचे पत्ते आणि मध्ययुगीन इंग्लंडची राजसभा. परंपरांची ही सरमिसळ अभ्यासपूर्ण नाही.

असे असले तरी या चुकीतून एक अनपेक्षित अर्थ निघतो. संगणकासमोर बसलेला मनुष्य ब्रिटानियाच्या जगात खरोखरच 'उतरतो'. त्या जगापुरता तो वरून आलेला, अधिक जाणणारा आणि मृत्यूनंतरही परत येणारा असतो. अशा सामर्थ्यवानाने आंधळ्या बाईच्या दुकानात कसे वागावे, हा प्रश्न खेळ विचारतो. ज्याला शिक्षा होण्याचे भय नाही, त्याचे शील कशावर टिकते? हा प्रश्न अवतारकथांनाही परका नाही आणि सत्ता हाती असलेल्या कोणत्याही माणसाला तो विचारता येतो.

या संदर्भात पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०) या खेळाचा उल्लेख आवश्यक वाटतो. महाराष्ट्रात तयार झालेल्या या खेळात असुरांनी पळविलेल्या भावाला शोधणारी राजी ही मुलगी नायिका आहे आणि दुर्गा व विष्णू तिची कथा सांगतात. भारतीय चित्रशैली व वास्तुकला यांचा त्यातील वापर आपल्या मातीशी इमान राखणारा आहे. मात्र राजीचा पक्ष आरंभापासूनच न्यायाचा आहे. तिचे शील पणाला लागत नाही. बाह्यरूपाने 'राजी' आपल्याला जवळची, तर अंतःप्रश्नाने 'अल्टिमा ४' जवळचा, असे काहीसे विचित्र चित्र येथे दिसते. आपल्या कथा आणि हा प्रश्न एकत्र आणणारा खेळ मराठी मनातून निर्माण व्हावा, अशी अपेक्षा त्यामुळे बळावते.

६. मर्यादा

या खेळाचा गौरव करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे समीक्षेला शोभणारे नाही.

पहिली मर्यादा हिशोबाची. आकडे झाकलेले असले तरी ते असतातच. एकदा यंत्राची रीत कळली की खेळाडू भिकाऱ्याला पुनःपुन्हा एकेक नाणे देऊन करुणा 'साठवू' लागतो. सत्कृत्य फळाच्या अपेक्षेने होऊ लागते आणि निष्काम कर्माच्या कसोटीवर ते टिकत नाही. अर्थात पुण्याचा असा हिशोब ठेवणारी माणसे खेळाबाहेरही आहेत. परंतु रचनाकाराने त्यावर उपाय शोधला नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ब्रिटानियातील भिकारी कितीही दान दिले तरी भिकारीच राहतो. तो भिकारी का झाला, हे कोणी विचारीत नाही. त्याचे दारिद्र्य नायकाच्या करुणेची परीक्षा घेण्यापुरतेच अस्तित्वात आहे. दर हंगामात ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे ज्या जिल्ह्यातून स्थलांतर करतात, त्या जिल्ह्यात बसून हा खेळ खेळताना ही उणीव तीव्रतेने जाणवते. दुसऱ्याचे दुःख म्हणजे आपल्या पुण्याची संधी, ही दृष्टी दातृत्वाची असेल. न्यायाची खचितच नाही. ज्या खेळाने न्यायाला सत्य व प्रेम यांचे अपत्य मानले, त्यानेच सामाजिक न्यायाचा प्रश्न बाजूस ठेवावा, हा त्यातील अंतर्विरोध होय.

तिसरी मर्यादा हिंसेची. सद्गुणांच्या या कथेत धन मिळविण्याचा मुख्य मार्ग राक्षसांशी लढणे हाच आहे.

विशेष म्हणजे या मर्यादांपैकी काहींची जाणीव मालिकेच्या पुढील खेळांत दिसते. 'अल्टिमा ५'मध्ये (१९८८) राजा बेपत्ता झाल्यावर ब्लॅकथॉर्न हा सत्ताधीश त्याच आठ सद्गुणांचे कायदे करतो. खोटे बोलणाऱ्याची जीभ जाईल, दान न करणाऱ्याचे उत्पन्न जाईल, अशी ती राजवट. स्वेच्छेने आचरलेला सद्गुण आणि दंडाच्या भयाने पाळलेला सद्गुण यांतील भेद याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही. 'अल्टिमा ६'मध्ये (१९९०) तर नायकाच्या पूर्वीच्या विजयामुळे ज्यांचे जग कोसळले, तो 'राक्षसां'चा समाजच समोर येतो आणि अवताराला खोटा प्रेषित ठरवितो. स्वतःच्या नायकाची अशी उलटतपासणी करणारी मालिका केवळ करमणुकीची आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

७. अध्यापनातील उपयोजन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात मूल्यशिक्षणाला स्थान मिळाले आहे. आपण तो विषय कसा शिकवितो? प्रामाणिकपणाची व्याख्या सांगतो, ती विद्यार्थी लिहितो आणि त्याला गुण मिळतात. व्याख्या पाठ करून लिहिणारा प्रामाणिक आहे काय, हे तपासण्याची सोय आपल्या परीक्षापद्धतीत नाही. तशी ती असावी, असेही येथे सुचवावयाचे नाही. परंतु आंधळ्या बाईच्या दुकानातील पंधरा मिनिटे आणि त्यानंतरची वर्गचर्चा एका व्याख्यानाहून अधिक काही देऊ शकेल. कोणी किती नाणी ठेवली हे विचारू नये. कमी ठेवावीशी का वाटली, एवढेच विचारावे.

व्यावहारिक अडचणी मोठ्या नाहीत. २०११ साली गॉग या संकेतस्थळाने हा खेळ मोफत उपलब्ध करून दिला. मोबाइलवरील एका छायाचित्राहूनही कमी जागा त्याला लागते. त्यामुळे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुना संगणकही त्याला पुरतो. त्यातील चित्रे आजच्या विद्यार्थ्याला बाळबोध वाटतील, हे खरे. पण उणे चित्र मनाने पूर्ण करावयाचे असते, हे भारुडाच्या प्रेक्षकाला ठाऊक आहे.

खरी अडचण भाषेची आहे. खेळ इंग्रजीत आहे, तीही जुन्या वळणाची. पात्रांशी बोलण्यासाठी नेमके शब्द टंकित करावे लागतात आणि मिळालेली माहिती वहीत टिपून ठेवावी लागते. यावर उपाय आपल्याच परंपरेत आहे. श्रावणात पोथी लावली की एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकत, शंका विचारीत बसतात. त्याच रीतीने चार-पाच विद्यार्थ्यांनी एका संगणकाभोवती बसावे. एकाने वाचावे, एकाने मराठीत अर्थ सांगावा, एकाने टिपणे ठेवावीत आणि निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. एकट्याने अंधाऱ्या खोलीत खेळावयाचा खेळ अशा वेळी चर्चेचा खेळ होतो. इंग्रजी व मराठी या दोन्ही विभागांना एकत्र काम करण्याची ही संधी आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'अल्टिमा ४'ने अद्भुतरम्य खेळाचे प्रयोजन खलनायकाच्या नाशावरून खेळणाऱ्याच्या शीलाकडे वळविले. हेच त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

२) मोक्षपटात निवड नाही आणि भारुडात कृती प्रेक्षकाची नाही. हा खेळ निवड व कृती दोन्ही वाचकावर सोपवितो. त्यामुळे इतर माध्यमांना साक्षात न देता येणारी पश्चात्तापाची भावना तो देऊ शकतो.

३) 'अवतार' या संज्ञेचा त्यातील वापर परंपरेशी विसंगत असला तरी सामर्थ्यवानाच्या सदाचाराचा प्रश्न त्यातून अर्थपूर्ण रीतीने उभा राहतो.

४) सद्गुणांचे आकड्यांत रूपांतर आणि सामाजिक विषमतेकडे दुर्लक्ष या त्याच्या ठळक मर्यादा होत. वर्गात हा खेळ या मर्यादांसह शिकविला जावा.

५) सर्वच संगणकीय खेळांना एकाच मापाने मोजण्याची आपली सवय विद्यार्थ्यांच्या हिताची नाही. चांगला खेळ आणि वाईट खेळ यांतील फरक त्यांना कोणीतरी सांगावयास हवा. आणि तो सांगण्यासाठी अध्यापकाने निदान एक चांगला खेळ स्वतः खेळलेला असावा.

प्रस्तुत लेखकाने हा खेळ दुसऱ्यांदा सुरू केला तेव्हा भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या प्रश्नांना उत्तरे देताना पहिल्या खेपेचा आत्मविश्वास उरला नव्हता. वाट्यास मेंढपाळाची भूमिका आली. जडीबुटीच्या दुकानात या वेळी नाणी दोनदा मोजली.